फ्लेक्सवरचा फोटो आणि कसम परेड : भरती अकादमींच्या चालकांना खुलं पत्र

प्रति,
सैन्य भरतीपूर्व प्रशिक्षण अकादमींचे सर्व संचालक आणि मैदानावरचे प्रशिक्षक,
सातारा, सांगली, कोल्हापूर

सप्रेम जय हिंद.

तुमच्यापैकी बरेच जण मला ओळखतात. काहींनी माझ्याबरोबर वर्दी घातली, काहींना ते रंगरूट (नवे भरती झालेले) असताना मी मैदानावर घासलंय, आणि एका अकादमीच्या उद्घाटनाचा नारळही मीच फोडलाय. त्यामुळे हे सगळं चार भिंतींत बोलता आलं असतं. बोललोही. उत्तर मिळालं, "सुभेदार साहेब, मार्केट बदललंय." मार्केटमध्ये पैसे मोजणारा माणूस पालक असतो, म्हणून आता त्याच्या देखत बोलतो.

निमित्त तुमच्या नव्या वेळापत्रकाचं आहे. आमच्या तालुक्यातल्या अकादमींनी मिळून ठरवलं की यंदापासून अग्निवीरची, म्हणजे सैन्यातल्या चार वर्षांच्या भरतीची, लेखीची बॅच वेगळी आणि मैदानाची वेगळी. आधी पोरांनी वर्गात बसून गणित, विज्ञान आणि सामान्य ज्ञान घोकायचं. लेखीचा निकाल लागला की जे पास झाले त्यांनी दुसरी फी भरायची आणि मग मैदानावर उतरायचं. जाहिरातीत याला 'फास्ट ट्रॅक ग्राउंड' असं नाव आहे. रॅलीच्या, म्हणजे सैन्याच्या मैदानी भरती चाचणीच्या, तारखेपर्यंत जेवढे आठवडे हातात उरतील तेवढ्यात पोरगं 'तयार' करून द्यायचं.

हे का सुचलं ते मला कळतं. पूर्वी आधी रॅली व्हायची. हजारो पोरं पहाटे मैदानाबाहेर रांगेत बसायची, धावायची, मेडिकल व्हायचं आणि शेवटी लेखी. 2023 पासून सैन्याने क्रम उलटा केला. आता आधी ऑनलाइन लेखी आणि त्यात पास होणाऱ्यालाच रॅलीचं बोलावणं. सैन्याच्या बाजूने हा बदल बरोबर आहे, गर्दी कमी झाली आणि पोरांचे हेलपाटे वाचले. तुम्ही मात्र त्याचा अर्थ असा लावलात की लेखी पास होईपर्यंत पाय हलवायची गरज नाही. माझा आक्षेप इथे आहे.

मी कोण आणि मला काय पडलंय, तेही सांगतो. पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीतला मोठा काळ ट्रेनिंग सेंटरमध्ये उस्ताद म्हणून गेला. रंगरूट गेटमधून ट्रंक घेऊन आत येतो त्या दिवसापासून कसम परेडपर्यंत, म्हणजे प्रशिक्षण संपताना शपथ घेतात त्या परेडपर्यंत, त्याला जवळून बघणारा माणूस म्हणजे उस्ताद. आज माझ्या चुलतभावाचा मुलगा एका सेंटरमध्ये आहे. तुमच्यापैकी एकाच्या फ्लेक्सवर त्याचा फोटो एसटी स्टँडसमोर अजून झळकतोय, फेटा बांधलेला, गळ्यात हार. तो फोटो लागला, पोरगं सेंटरला गेलं, आणि तिथे पाचव्या आठवड्यात त्याच्या नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली. प्लास्टर, हॉस्पिटल, आणि मग रिलीगेशन, म्हणजे मागून येणाऱ्या बॅचमध्ये ढकलणं. पोरगं चिवट आहे, करेल पूर्ण. त्याच्याच आळीतला दुसरा मात्र स्वतः अर्ज देऊन घरी परत आला. त्याचाही फोटो त्याच फ्लेक्सवर आहे. त्या घरातली माणसं आता स्टँडवर जायचं टाळतात.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी आधी.

माणसाचा दम तीन-चार आठवड्यांत वाढतो, स्नायूही दीड-दोन महिन्यांत साथ द्यायला लागतात. हाड मात्र सावकाश चालतं. त्याच्यावर नवा भार पडला की शरीर आधी तिथलं जुनं हाड काढून टाकतं आणि मग त्या जागी नवं, जास्त मजबूत भरतं. काढणं लवकर होतं, भरायला वेळ लागतो. म्हणून भार वाढवल्यावर साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास हाड नेहमीपेक्षा कमजोर असतं. डांबरी रस्ता दुरुस्तीसाठी उकरून ठेवावा आणि त्याच आठवड्यात त्यावरून उसाच्या ट्रॉल्या सोडाव्यात, असं तुमचं ते फास्ट ट्रॅक ग्राउंड आहे. पोराला दम लागत नाही, वेळ सुधारतेय, म्हणून तुम्ही अजून ताणता. आतून नडगी ओरडत असते. त्यातही वाईट म्हणजे अशी चीर सुरुवातीला साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, दोन-तीन आठवडे जावे लागतात. मग तालुक्याचे डॉक्टर म्हणतात काही नाही, तुम्ही म्हणता नाटकं करतोय, आणि पोरगं पुन्हा धावतं.

साडेसतरा वर्षांचं पोर आहे ते. आठ-नऊ महिने खुर्चीत बसून लेखीची तयारी केलेलं. त्याला एकदम रोज सकाळ-संध्याकाळ डांबरावर पळवायचं, याला तयारी म्हणत नाहीत. लेखीच्या अभ्यासाबरोबर पहिल्या दिवसापासून आठवड्यातून चार सकाळी मुरमाच्या रस्त्यावर किंवा गवतावर रमतगमत धाव, दर आठवड्याला अंतरात दहा टक्क्यांच्या आसपासच वाढ, आणि दर चौथ्या आठवड्याला थोडी सूट. एवढंच करायचं आहे. यात फी जास्त लागत नाही, बॅच दोन होत नाहीत, आणि बहुधा म्हणूनच ते वेळापत्रकात नाही.

दुसरी तक्रार, तुम्ही फक्त 1600 मीटर शिकवता. रॅलीचं गणित मलाही माहीत आहे. साडेपाच मिनिटांच्या आत चार फेऱ्या मारल्या तर पैकीच्या पैकी 60 गुण, दहा बीम (लोखंडी दांड्याला लटकून अंग वर ओढणं) काढले तर 40, नऊ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स फक्त पास व्हायचे. म्हणजे 400 मीटरची एक फेरी साडेब्याऐंशी सेकंदांत. ही वेगाची परीक्षा आहे. मोकळ्या अंगाने, पाठीवर काही नसताना, एकदाच द्यायची. पोरगं त्यात बसलं की तुमचं काम संपलं आणि फ्लेक्सवाल्याचं सुरू झालं.

सेंटरमध्ये काय वाट बघत असतं? पहाटे अंधारात उठणं. दाढी, बिस्तर, फॉलन म्हणजे रांगेत हजर होणं. पीटी. मग ड्रिल स्क्वेअरवर तासन्‌तास टाच आपटणं. कदमताल, पीछे मुड, थम, पुन्हा कदमताल. बाहेरच्या माणसाला ड्रिल म्हणजे शोभेची गोष्ट वाटते. पण सिमेंटवर बुटाची टाच दिवसातून शेकडो वेळा आपटणं हे नडगीसाठी धावण्याइतकंच कठीण असतं. मग वेपन ट्रेनिंग, वर्ग, फील्डक्राफ्ट, संध्याकाळी खेळ, रात्री रोल कॉल. पुढे बीपीईटी, म्हणजे लढाईसाठीच्या शारीरिक क्षमतेची चाचणी, येते. खांद्यावर रायफल, अंगावर पूर्ण सामान, पायात बूट आणि 5 किलोमीटर. उत्कृष्ट शेरा हवा असेल तर साधारण 25 मिनिटांत. शिवाय आडव्या दोरावरून जाणं, उभ्या दोरावर चढणं, 60 मीटरची दौड, आणि तोच नऊ फुटांचा खड्डा, पण आता सामानासकट. अग्निवीरांसाठी हे सगळं 31 आठवड्यांत बसवलंय, त्यातले पहिले 10 मूलभूत प्रशिक्षणाचे. आमच्या वेळी उस्तादाला सवड असायची, कच्च्या पोराला हळूहळू वर आणता यायचं. आता गाडी पहिल्या आठवड्यापासून वेगात असते, आणि त्यामुळे पोरगं घरून किती तयार होऊन आलंय याला पूर्वीपेक्षा जास्त महत्त्व आलंय.

तुमच्या मैदानावर मी बूट घातलेलं पोरगं पाहिलेलं नाही. पाठीवर पिशवी घेऊन चालणारंही नाही. चालणं तुम्हाला कमीपणाचं वाटतं. आठवड्यातून एकदा, पिशवीत आधी पाच किलो आणि काही आठवड्यांनी दहा, शेताच्या बांधाने आठ-दहा किलोमीटर चाललं तर पाय, कंबर आणि खांदे तिघांनाही पुढची ओळख होते. घोट्यापर्यंतचे बूट घालून चालण्याची सवय लागली तर पहिल्या आठवड्यातले निम्मे फोड वाचतात. फोड म्हणजे किरकोळ गोष्ट, असं म्हणू नका. फोड आलेला माणूस पाय वाकडा टाकतो, आणि वाकड्या पायाने आठवडाभर ड्रिल केलं की गुडघा जातो. एमआय रूमच्या, म्हणजे सेंटरच्या दवाखान्याच्या, बाहेरच्या बाकड्यावर बसलेली अशी पोरं मी वर्षानुवर्षं बघितली.

तिसरी गोष्ट निवड झाल्यानंतरची. मेरिट लिस्ट लागते आणि सेंटरला हजर व्हायची तारीख येते, यात अनेक आठवडे जातात. या काळात पोराचं काय होतं ते तुम्ही कधी बघितलंय का? गावात मिरवणूक, शाळेत सत्कार, आमदारांबरोबर फोटो, मामाकडे जेवण, मावशीकडे जेवण, मित्रांबरोबर कोकणात फेरी. धावणं बंद. रात्री एकपर्यंत मोबाइल. माझ्या पुतण्याने त्या काळात मैदान बघितलं नाही, आणि त्याला कोणी सांगितलंही नाही. तुमच्या लेखी तो 'सिलेक्ट' झाला होता. सेंटरच्या लेखी त्याची सुरुवातही व्हायची होती.

या भागात पूर्वी हे काम घरं करायची. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात, जिथून गेलेल्या 46 जणांनी पहिल्या महायुद्धात जीव दिला, किंवा शिरोळच्या सैनिक टाकळीत, पोरगं भरती झालं की सुट्टीवर आलेला काका त्याला बिस्तर लावायला शिकवायचा, हिंदीत हुकूम सांगायचा, केस आधीच कापून आणायचा आणि पहिल्या महिन्यात रडू येईल, येऊ दे, असंही सांगून ठेवायचा. या गावांची नावं तुम्ही जाहिरातीत घेता. पण आज तुमच्या वसतिगृहात येणारी पोरं अशा घरातली कुठे आहेत? जतची आहेत, माणची आहेत, बीड आणि परभणीहून आलेली आहेत. बापाने ऊसतोडीची उचल घेऊन फी भरलेली असते. घरात कोणी फौजी नाही. त्यांच्यासाठी तो काका तुम्हीच.

चौथी तक्रार लिहिताना मला राग आवरावा लागतोय. काही अकादमींत पोरांना पट्ट्याने मारतात. पाइपने मारतात. आणि विचारलं की सांगतात, "फौजी शिस्त आहे, आत गेल्यावर सोपं जाईल, मन कणखर होतं." पालकांनाही ते पटतं, काही जण तर वर म्हणतात, मारा पण भरती करा.

मी उस्ताद होतो. रगडा, म्हणजे शिक्षा म्हणून अंगमेहनत, दिलाय. फ्रंट रोल, क्रॉलिंग, रायफल डोक्यावर धरून मैदानाला चक्कर, सगळं करून घेतलंय. पण त्याला मोजमाप असतं, हेतू असतो, आणि वर बघणारा साहेब असतो. पोरावर हात उचलणं सैन्यात गुन्हा आहे. आणि मार खाऊन पोरगं कणखर होत नाही, ते दुखणं लपवायला शिकतं. लंगडलं की मार, थांबलं की मार, मग ते न लंगडता धावायला शिकतं. हीच सवय घेऊन ते सेंटरला येतं. तिथे उस्ताद रोज सकाळी विचारतो, कोणाला काही त्रास? हे पोरगं गप्प उभं राहतं. नडगी दोन आठवडे दुखत असताना. उन्हात चक्कर येत असताना. लघवी चहासारखी गडद होत असताना. ही शेवटची खूण तर जिवावर बेतणारी असते, अतिश्रमाने स्नायू फुटून मूत्रपिंडावर ताण आलेला असतो. जे वेळेवर बोललं असतं तर चार दिवसांच्या विश्रांतीत मिटलं असतं, ते न बोलल्याने महिन्यांचं होतं. माझ्या पुतण्याने तेच केलं. "सांगितलं तर कमजोर समजतील" हे वाक्य तो तुमच्या मैदानावरून घेऊन गेला होता.

मनाची तयारी म्हणजे काय, हे विचाराल तर माझ्या अनुभवातून सांगतो. पहिल्या महिन्यात पोरं शरीराने कमी आणि एकटेपणाने जास्त खचतात. मोबाइल हातात नसतो. घरी बोलायला ठरावीक वेळ. शेजारच्या खाटेवर झारखंडचा किंवा मणिपूरचा मुलगा, त्याची भाषा कळत नाही. प्रत्येक गोष्ट घड्याळावर. चूक एकाची, रगडा सगळ्यांना. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तोंडावर ओरडतं आणि उत्तर द्यायचं नसतं. गावात जो सगळ्यांत पुढे धावायचा तो इथे मधल्या रांगेत असतो, कारण इथे सगळेच आपापल्या गावचे पहिले आहेत. हा धक्का सगळ्यांत मोठा. फ्लेक्सवर फोटो लागलेल्या पोराला तो जास्त बसतो.

याची तयारी करता येते आणि ती फुकट आहे. निवड झालेल्यांनी शेवटचे काही आठवडे मोबाइल दिवसभर कार्यालयात जमा करावा, रविवारी घरी फोन. रात्री साडेनऊला दिवा बंद, पहाटे साडेचारला उठणं, आणि हे रोज. स्वतःचे कपडे स्वतः धुणं, बूट पॉलिश, बिस्तर घडी, रोज दाढी. आईने ताट वाढायचं आणि उचलायचं, हे थांबवणं. हिंदीत बोलायचा एक तास, कारण हुकूम कळला नाही म्हणून रगडा खाणारी आपली पोरं मी खूप पाहिली. मैदानावर एकट्याची वेळ मोजण्याबरोबर दहा जणांच्या टोळीची वेळ मोजा, शेवटचा पोचेल तेव्हा घड्याळ थांबवा. जो पुढे आहे त्याला मागच्याची पिशवी घ्यायला लागेल. आणि रोज संध्याकाळी एकदा सगळ्यांना बसवून विचारा, कुठे दुखतंय, झोप लागते का. जो सांगेल त्याची टिंगल होऊ देऊ नका. माजी सैनिक असलेले तुमचे प्रशिक्षक हे सगळं डोळे झाकून करतील. त्यांना तुम्ही फक्त स्टॉपवॉच देऊन उभं केलंय.

अजून काही गोष्टी आहेत, त्या थोडक्यात.

मेडिकल. फी घेताना तुम्ही उंची आणि छाती मोजता, बाकी काही नाही. गुडघे एकमेकांना घासणारं पोर, रंग ओळखता न येणारं पोर, सपाट तळव्याचं पोर, कानाचा पडदा फाटलेलं पोर दोन-दोन वर्षं तुमच्याकडे राहतं, हजारो रुपये भरतं आणि रॅलीच्या मेडिकलला अर्ध्या तासात बाहेर येतं. यातल्या बऱ्याच गोष्टी उपजिल्हा रुग्णालयात एका सकाळी तपासता येतात. काही दोष बरे होणारे असतात, ते वेळेत कळले तर उपचार करता येतात. जे होणारे नाहीत ते पहिल्याच दिवशी सांगणं ही माणुसकी. तुमची एक फी बुडेल, हे मान्य.

गोळ्या आणि डबे. मैदानावर येताना खिशात वेदनाशामक गोळ्यांची पट्टी असणारी पोरं मी बघितली आहेत, आणि ती प्रशिक्षकानेच दिलेली. गोळीने दुखणं दिसेनासं होतं, चीर वाढतच राहते. रॅलीच्या आदल्या दिवशी कसली तरी इंजेक्शनं घेण्याबद्दल जे कानावर येतं ते खोटं ठरलं तर मला आनंदच होईल. दुसरीकडे वसतिगृहातली आमटी एवढी पातळ की तळ दिसतो, आणि कार्यालयाच्या कपाटात महागाचे प्रोटीनचे डबे विकायला. शेंगदाणे, गूळ, अंडी, दूध, मटकीची उसळ, नाचणीची भाकरी. या जिल्ह्यांत हे सगळं पिकतं आणि मिळतं. हाड बनायला कॅल्शियम लागतं, नाचणीत ते भरपूर असतं. पोट अर्धं ठेवून दुप्पट धावायला लावलं तर हाड कुठून बनणार?

ऊन. पाटण किंवा महाबळेश्वरच्या बाजूचं पोर नागपूरजवळच्या कामठीला, अहिल्यानगरला किंवा मध्य प्रदेशातल्या सागरला जाऊ शकतं, आणि तेही ऐन उन्हाळ्यात. अंगाला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. थोडं थोडं उन्हात काम, पाणी आणि मीठ वेळेवर, एवढं सांगितलं तरी पुरे. तुमच्याकडे मात्र पाणी प्यायला थांबणं हा आळशीपणा समजतात.

रस्ता. पहाटे अंधारात तुम्ही पोरांना महामार्गाच्या कडेला पळवता. अंगात गडद टी-शर्ट, त्यावर पाठीमागे अकादमीचं नाव आणि फोन नंबर. चमकणारी पट्टी लावायला काय खर्च येतो? आणि तालुका क्रीडा संकुलाचं मैदान प्रदर्शनांना आणि लग्नांना भाड्याने जातं, त्याविरुद्ध तुम्ही सगळे मिळून एक निवेदन देत नाही, याचंही मला नवल वाटतं. ते मी वेगळं देणार आहे. तुमच्या सह्या हव्यात.

मुली. आता मुलीही तयारी करतात, निवड झाली तर बंगळूरूला मिलिटरी पोलीसच्या सेंटरला जातात. फी घेताना तुम्ही फरक करत नाही. पण वसतिगृहात त्यांच्यासाठी धड स्वच्छतागृह नाही, म्हणून त्या पाणी कमी पितात. हिमोग्लोबिन कोणी तपासत नाही. रक्त कमी असलेल्या मुलीला दम लागतो आणि तुम्ही तिला स्टॅमिना नाही म्हणता. पाळी चार-पाच महिने बंद असेल तर ते जास्त मेहनतीचं आणि कमी खाण्याचं लक्षण असू शकतं आणि त्यात हाडं कमजोर होतात, हे सांगणारी एक तरी बाई मैदानावर असायला नको का?

सगळ्याच अकादमी अशा नाहीत. कराडच्या पलीकडे डोंगरातल्या एका छोट्या अकादमीत मी गेलो होतो, पत्र्याचं शेड, पण दाराशीच दुखापतींची वही ठेवलेली होती आणि पोरं त्यात स्वतः लिहीत होती. तिथल्या चालकाला फ्लेक्स लावायला पैसे नाहीत. म्हणून त्याच्याकडे गर्दी नाही.

पालकांना इथेच दोन शब्द. निकालाचे आकडे बघून अकादमी निवडू नका. वसतिगृहात एकदा जेवून या, आणि पोराला मारतात का हे त्याला एकट्याला विचारा. अग्निवीराला पहिल्या वर्षी महिना 30,000 रुपये ठरलेत, त्यातले 9,000 सेवानिधीत, म्हणजे चार वर्षांनी मिळणाऱ्या रकमेच्या निधीत, जातात, हातात 21,000. चार वर्षांनी पुढे कायम होणारे जास्तीत जास्त 25 टक्के. यावर भरवसा ठेवून जमीन गहाण टाकू नका.

आता मागण्या. या नोव्हेंबरपासून येणाऱ्या प्रत्येक तुकडीसाठी.

1. लेखी आणि मैदानाची बॅच एकच असावी. मैदान प्रवेशाच्या दिवसापासून, हळूहळू वाढवत. 'फास्ट ट्रॅक ग्राउंड' बंद.

2. प्रवेशाआधी प्राथमिक वैद्यकीय तपासणी. कायमचा दोष निघाला तर फी घेऊ नये, घेतली असेल तर परत द्यावी.

3. मारहाण बंद, आजपासून. दुखापतींची वही प्रत्येक अकादमीत असावी आणि पालकांना ती केव्हाही बघता यावी. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय एकही गोळी मैदानावर वाटू नये.

4. निवड झालेल्या मुला-मुलींसाठी सेंटरला हजर होण्याच्या दिवसापर्यंत विनामूल्य तयारी : बुटात चालणं, पिशवीचा भार, ड्रिलची ओळख, हिंदी, दिनक्रम. फोटो छापायचा हक्क तुम्हाला हवा असेल तर ही त्याची किंमत समजा.

5. फ्लेक्सवर निवडीच्या आकड्याशेजारी दुसरा आकडा छापा : मागच्या तुकडीतल्या किती जणांनी कसम परेड केली. तो माहीत करून घ्यायला फार काही लागत नाही, पोरांच्या घरी एक फोन पुरतो. आणि जो परत आला असेल त्याचा फोटो उतरवा, त्याच्या घरच्यांनी मागायची वाट बघू नका.

चौथ्या मागणीसाठी माणसं कुठून आणायची, हे तुमचं पुढचं उत्तर मला माहीत आहे. मी आहे. माझ्याबरोबर निवृत्त झालेले आणखी काही उस्ताद आहेत, एक नर्सिंग असिस्टंट आहे, एक माजी पीटी इन्स्ट्रक्टर आहे. रविवारी सकाळी आम्ही कोणत्याही अकादमीत येऊ. मानधन नको, हार नको, फोटो तर नकोच. मैदान, वीस बूट-जोड आणि पिण्याचं पाणी तुमच्याकडे असलं की झालं. बूट नसतील तर तेही बघू.

पुढच्या तुकडीची फी घ्यायला सुरुवात करण्याआधी लेखी उत्तर द्या. जे देतील त्यांची नावं मी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावीन. जे देणार नाहीत त्यांच्याबद्दल वाईट बोलणार नाही, पण पालक विचारतील तेव्हा उत्तर आलं नाही एवढं नक्की सांगेन. आणि माझ्या पुतण्याचा फोटो असलेला फ्लेक्स ज्यांचा आहे त्यांना कळकळीची विनंती, तो शनिवारपर्यंत काढा. त्याची कसम परेड झाली की मी स्वतः तुम्हाला नवा फोटो आणून देईन.

आपला,
एक निवृत्त सुभेदार